सातव्या मजल्यावरचा काटा

मला स्वतःला कॉफी आवडत नाही. गिऱ्हाइकांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो, म्हणून त्यांना सांगत नाही. वाचकांना सांगायला हरकत नाही. मी पक्की चहाची. तरीही गेली सहा-सात वर्षं वाशीपासून उरणपर्यंत लोकांच्या घरची एस्प्रेसो मशिनं दुरुस्त करणं हाच माझा उद्योग आहे. त्याआधी सत्तावीस वर्षं मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट रूममध्ये होते. कारखान्यातल्या पाइपांवर आणि टाक्यांवर दाब दाखवणारी गोल तबकडी असते, तिला गेज म्हणतात. ते गेज खरं बोलतं की खोटं, हे तपासणं माझं काम. खोलीत बारा पुरुष आणि मी एकटी बाई. कारखाना गुजरातला गेला, बारा जण पांगले, मी कोपरखैरण्यातच राहिले. हात रिकामे होते. तेवढ्यात भाचीनं हौसेनं घेतलेलं कॉफीचं मशीन बिघडलं. मी ते उघडलं आणि आत बघते तर सगळी जुनीच ओळखीची मंडळी: पंप, व्हॉल्व्ह, स्प्रिंग, गेज. तिथून हे सुरू झालं.

ज्यांच्याकडे हे मशीन नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बारीक दळलेली कॉफी दांडीच्या वाटीत दाबून भरायची आणि तिच्यातून गरम पाणी जोरात ढकलायचं. किती जोरात? दाब बारमध्ये मोजतात. कुकरची शिट्टी साधारण एका बारला उडते, गाडीच्या चाकात दोन-सव्वादोन बार हवा असते. एस्प्रेसोला नऊ बार लागतात. काटा नवापर्यंत चढला नाही की कॉफी पाणचट, फार पुढे गेला की कडू जहर. मग लोक मला फोन करतात, "ताई, प्रेशरच येत नाही हो."

यातली मेख अशी की दाब पंप तयार करत नाही. पंप फक्त पाणी ढकलतो. दाब तयार करतो तो पुढचा अडथळा. वाट मोकळी असेल तर कितीही दांडगा पंप लावा, काटा जागचा हलायचा नाही. गेजचा काटा तुम्हाला एकच गोष्ट सांगत असतो, की पुढे कुठेतरी काहीतरी अडलंय. हे वाक्य मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा ऐकवलंय की ते मला स्वतःला ऐकू येईनासं झालं होतं.

घणसोलीच्या एका घरी चार महिने प्रेशर येत नव्हतं. दोन मेकॅनिक पंप बदलून गेले होते. मी वाटी उघडून कॉफी चिमटीत धरली, तर रव्यासारखी जाड आणि जरा लालसर. नाकाशी नेली आणि मला शिंकांवर शिंका. घरच्या आजींना कॉफी दळायच्या यंत्राचा आवाज सोसत नव्हता, म्हणून त्या बिया गुपचूप खालच्या गिरणीतून दळून आणत होत्या. तेही मिरचीच्या जात्यावर, कारण गव्हाच्या जात्याला वास लागेल म्हणून गिरणीवाल्यानं नकार दिला होता. घरात सगळे म्हणत होते की या कॉफीला एक वेगळाच झटका आहे. सीवूड्सचे एक निवृत्त साहेब रोज सकाळी गेजचा आकडा डायरीत लिहायचे आणि नवाच्या जागी आठ पूर्णांक आठ आले की मला फोन करायचे. एकदा मी विचारलं, "साहेब, स्वतःचं प्रेशर मोजता का रोज?" तर म्हणाले, "डॉक्टरांनी बंद केलंय. मोजलं की वाढतं."

या अंकासाठी संपादकबाईंनी अशाच गमती मागितल्या होत्या आणि माझ्याकडे त्या पोतंभर आहेत. पण लिहायला बसले की हात दुसरीकडेच जातो. दोन वर्षांपूर्वी उरणजवळच्या द्रोणागिरीत मी एक काम केलं. कामात एक चूक नव्हती, आजही कोणीही तपासून बघावं. आणि त्या बिनचूक कामामुळे, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर कोंडलेली एक बाई आणखी दोन दिवस कोंडलेलीच राहिली. तिचा जीव जाता जाता राहिला. ते एकदा सांगून टाकायचं आहे.

हसनचाचा हे माझं लाडकं गिऱ्हाईक. मूळ उरणकडचे, जहाजावर चीफ इंजिनिअर म्हणून जन्म काढलेले. बायको गेल्यावर मुलीनं द्रोणागिरीच्या एका नव्या टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर घर घेऊन दिलं. खिडकीतून कंटेनरचे ढीग दिसतात आणि पलीकडे खाडी. आयुष्यभर इंजिनरूममध्ये राहिल्यानं चाचांचे कान गेलेले. कानाला मशीन लावलं तरी समोरचं माणूस काय बोलतं ते त्यांना ओठांवरून वाचावं लागतं; फोनचा आवाज तेवढा त्या मशिनात थेट येतो. पण हात असे की पाइपवर तळवा टेकवला की आत काय चाललंय ते सांगतील. त्यांनी आपलं कॉफी मशीन थेट नळाच्या लाइनला जोडून घेतलं होतं, टाकी भरायची कटकट नको म्हणून.

एका शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. चाचा फोनवर ओरडूनच बोलतात. "शैलाताई, या जरा. काटा उडतोय."

"मशीन बंद करून ठेवा, चाचा. मी सोमवारी येते."

"बंदच आहे! वायर काढून ठेवलीय! बंद मशीनचा काटा उडतोय!"

मी स्कूटर काढली. पोचेपर्यंत बारा वाजून गेले होते. त्या भागात भर दुपारी जेवढं सुनं वाटतं तेवढं मला रात्रीही कुठे वाटलेलं नाही. रुंद रस्ते, कडेनं उभे ट्रेलर, चौदा-चौदा मजल्यांच्या इमारती आणि गॅलऱ्यांमध्ये एक कपडा वाळत घातलेला नाही. चाचांच्या इमारतीत छप्पन्न घरं, त्यातली पाच भरलेली. बाकीची लोकांनी पैसे गुंतवायला घेतलेली. लॉबीतल्या खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

गेटवर सिक्युरिटीवाला नवा होता, मराठवाड्याकडचा. माझ्या हातातली पिशवी आणि साडी बघून त्यानं वही पुढे केली. "मावशी, आठव्या मजल्याच्या सफाईच्या तुमीच ना? चावी कालपासनं जमा न्हाई. आधी ती द्या."

आता माझा स्वभाव सांगते. कारखान्यात सत्तावीस वर्षं नवा कोणी आला की मला चहा सांगायचा. प्रत्येक वेळी मी म्हणायचे, मी मेकॅनिक आहे. कोणी मला दुसरंच काही समजलं की मी ठिणगी पडल्यासारखी पेटते. "मी सफाईवाली नाही, मेकॅनिक आहे," मी म्हटलं, वहीत मेकॅनिक असं ठळक लिहिलं आणि तरातरा लिफ्टकडे गेले. तो मागून काहीतरी म्हणत होता. मी वळून बघितलं नाही. लिफ्टमध्ये मात्र आरशात बघून पदर सारखा केला.

चाचांनी मशीनची वायर खरंच गुंडाळून टेबलावर ठेवली होती. मशीन लाइनला जोडलेलं असलं की बंद असतानाही गेजवर लाइनचा दाब दिसतो, हे मी त्यांना पूर्वीच समजावलं होतं. गच्चीवरची टाकी आणि सातवा मजला यांचा हिशेब केला तर दोन बार. काटा दोनावर शांत उभा होता. आम्ही दोघं त्याच्यासमोर खुर्च्या टाकून बसलो. चाचांनी मला चहा केला, कारण त्यांना माझं गुपित माहीत आहे.

पंधरा-वीस मिनिटं काही नाही. मग काटा ताडकन पाचावर गेला आणि परत आला. पुन्हा गेला. पुन्हा. असा सात वेळा, आणि मग पुन्हा दोनावर, जसं काही झालंच नाही. प्रत्येक वेळी ओट्यामागच्या भिंतीत कुठेतरी धप् असा आवाज आला. चाचांना तो ऐकू आला नाही, त्यांची नजर काट्यावर होती.

"बघितलं?" ते म्हणाले. "कालपासून असंच. कधी दोनदा, कधी दहादा. मी म्हटलं, घरात मी एकटा, त्यात म्हातारा. भास होत असेल."

"भास काय होतोय. वॉटर हॅमर आहे." वाहतं पाणी एकदम अडवलं की ते पाइपात धडक मारतं. नळ फाडकन बंद केला की भिंतीत धप् होतं, तेच हे. मी सिंकखाली बघितलं. चाचांचं स्वयंपाकघर आणि वरच्या घराचं बाथरूम यांना एकच उभा पाइप होता. "वर कोण राहतं?"

"कोणी नाही. मालक दुबईला. कुलूप."

झालं, मला निदान मिळालं. बंद घरात माळ्यावर पाण्याची टाकी असते, तिच्या तरंगत्या चेंडूचा व्हॉल्व्ह जुना झाला की थरथरतो, उघडमीट करतो आणि पाइपाला हिसके देतो. असं मी पाच-सात ठिकाणी बघितलं होतं. चाचांनाही पटलं. जहाजावर त्यांनी असले शंभर व्हॉल्व्ह पाहिले होते.

मग मी गेज तपासायला घेतलं. आमच्या इन्स्ट्रुमेंट रूमचा एक नियम होता. कोणत्याही गेजचं रीडिंग घेण्याआधी त्याला तीन वेळा पूर्ण दाब द्यायचा आणि तीन वेळा सोडायचा, म्हणजे आतली स्प्रिंग जागी होते. माझ्या हाताला ते इतकं बसलंय की मी कुकरलाही तसं करते की काय, असं भाची विचारते. मी सिंकखालच्या नळाची तोटी सोडली आणि फाडकन बंद केली. सोडली, बंद केली. सोडली, बंद केली. भिंतीतून तीन धपके वर गेले. काटा तीन वेळा उडून दोनावर बसला.

मी पान्हा घ्यायला वाकले. सात-आठ श्वासांचा वेळ गेला असेल.

काटा उडाला. एक. दोन. तीन. आणि थांबला.

चाचा हसले. "बघा, तुम्हाला जवाब देतोय."

"देऊ दे," मी म्हटलं आणि हसले. पण माझ्या हातावर काटा आला होता, हे खरं आहे. पाण्याचा धक्का वर जाऊन आपटून परत येतो, ते पुस्तकात आहे. पण तो डोळ्याचं पातं लवायच्या आत परत येतो, सात-आठ श्वासांनी नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. कळूनही मी पिशवीत हात घातला आणि स्नबर शोधायला लागले.

स्नबर म्हणजे पितळेचा एक बोटभर तुकडा, आत सुईएवढं भोक. गेजच्या तोंडाशी बसवला की पाण्याचे झटके त्या भोकात अडकतात आणि काट्यापर्यंत पोचतच नाहीत. कारखान्यात काटा थरथरायला लागला की आमचा पहिला उपाय हाच. काटा थरथरला की गेज लवकर मरतं आणि गेज वाचवणं हे आमचं काम. पाइपात काय चाललंय ते बघायला दुसरं डिपार्टमेंट होतं. माझी अख्खी नोकरी काट्यांना गप्प करण्यात गेली, असंही म्हणता येईल.

वीस मिनिटांत स्नबर बसला. आम्ही पुन्हा खुर्च्यांवर बसलो. काटा दोनावर, दगडासारखा. मी मशीन चालू करून दाखवलं, नऊ बार, कॉफी मधासारखी उतरली. चाचा खूश. "सोसायटीला सांगा वरचा व्हॉल्व्ह बघायला," मी म्हटलं. "सांगतो सांगतो," ते म्हणाले.

लिफ्टची वाट बघत मी सातव्या मजल्यावर उभी होते. सगळी दारं बंद, कुठे पायपुसणं नाही की चपला नाहीत. मला भिंतीतला आवाज तिथपर्यंत येत होता. धप् धप् धप्. थोडं थांबून, धप् धप् धप्. व्हॉल्व्ह खराबच झालेला दिसतोय, असं मी मनाशी म्हटलं. लिफ्ट आली आणि मी खाली गेले. सिक्युरिटीवाल्याकडे न बघता सही केली.

रविवारी मी भाचीकडे जेवायला गेले. झोपही छान लागली.

सोमवारी सकाळी साडेनवाला चाचांचा फोन आला. या वेळी ते ओरडत नव्हते. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"शैलाताई, तुमचा जोड गळतो का बघायला मी पाइपला हात लावला. पाइप वाजतोय. तीन, मग थांबतो. तीन, मग थांबतो. आपण काट्याला गप्प केलं, पाइपला नाही. मी पान्ह्यानं पाचदा ठोकलं." त्यांनी श्वास घेतला. "पाच आले. ताई, व्हॉल्व्ह मोजत नाही. माणूस मोजतो."

माझ्या डोळ्यांसमोर एकदम ती वही आली. आठव्या मजल्याची सफाई. चावी कालपासनं जमा न्हाई. मी ओरडले, "चाचा, वरती बाई आहे! सफाईची बाई! सिक्युरिटीला घ्या, कुलूप तोडा, मालकाला विचारत बसू नका!"

स्कूटरवर मी काय काय बोलत होते ते मला आठवत नाही. जासईच्या पुढे ट्रेलरची रांग लागलेली होती, त्यांच्या मधून मी कशी गेले तेही नाही.

मी पोचले तेव्हा तिला चाचांच्या घरात आणून बसवलं होतं. पंचावन्न-साठीची, काटकुळी, चाचांची चादर अंगाभोवती. पायांची कातडी पाण्यानं पांढरी पडून सुरकुतलेली. डाव्या पायाची बोटं फुटून काळीनिळी झाली होती. हातात बाथरूममधला प्लास्टिकचा मग होता आणि तो ती कोणाला काढून घेऊ देत नव्हती. आवाज पुरता गेला होता. ओठ हलायचे आणि नुसती हवा बाहेर यायची.

तिचं नाव यमुनाबाई. जासईची. बंद घरं महिन्यातून एकदा उघडून झाडायची, नळ सोडायचे, वारं खेळवायचं, हे तिचं काम. शुक्रवारी सकाळी ती आत गेली. घरात वारं यावं म्हणून तिनं गॅलरीचं दार उघडलं आणि बाथरूम धुवायला घेतलं. खाडीवरून वाऱ्याचा झोत आला, बाथरूमचं दार धाडकन आपटलं आणि बाहेरची कडी आपोआप भोकात जाऊन पडली. मोबाइल बाहेर पिशवीत. घरी सांगून आली होती की कामावरून परस्पर बहिणीच्या गावी हळदीला जाते. आगरी हळद म्हणजे दोन-तीन दिवसांचा मामला. मुलाला आणि सुनेला वाटलं, आई हळदीत नाचतेय. बहिणीला वाटलं, मानपानावरून रुसली. मोबाइल वाजून वाजून मेला. सिक्युरिटीची पाळी बदलली. पहिला दिवसभर ती ओरडली, दाराला लाथा मारल्या. खाली राहणाऱ्या एकुलत्या एका माणसाला ऐकू येत नव्हतं. घसा बसल्यावर तिच्या लक्षात आलं की नळ फाडकन बंद केला की भिंत वाजते, आपल्या मुठीपेक्षा मोठ्यानं वाजते. मग ती तेच करत राहिली.

प्यायला पाणी होतं म्हणून ती वाचली. पण तिला साखरेचा आजार, गोळ्या बाहेर पिशवीत, आणि फुटलेला पाय तीन दिवस ओल्यात. तो सडायला लागला होता. दवाखान्यात डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर तिच्या मुलाला म्हणाले, "दोन दिवस आधी आणलं असतं, तर बोटं राहिली असती." मी तिथे बाकावर बसले होते. दोन दिवस आधी म्हणजे शनिवार. शनिवारी दुपारी मी तिच्या पायाखाली दहा फुटांवर होते.

महिन्याभरानं मी आणि हसनचाचा जासईला तिच्या घरी गेलो. मी मनाशी पक्कं ठरवून गेले होते. जाताना रिक्षात चाचांनाही सांगितलं होतं, आज सगळं बोलून टाकणार. नवीन बांधलेलं दुमजली घर, खाली दोन भाडेकरू, पुढे ओटा. यमुनाबाई ओट्यावर पाय लांब करून बसली होती. चाचांना बघून तिनं पदर डोक्यावर घेतला. आवाज परत आला होता, जरा घोगरा.

"यांनी मना काढली," ती आजूबाजूच्या बायकांना म्हणाली. "बहिरा मानूस, पन हातानं ऐकलं."

सुनेनं चहा आणला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात यमुनाबाईच बोलायला लागली. ती गोष्ट तिनं गावात कितीदा सांगितली असेल कोण जाणे, बायका पुढचं वाक्य आधीच ओठांवर आणत होत्या.

"शुक्रवार गेला. शनिवार उजाडला. मी म्हनलं, आता काय मी वाचत नाय. पोटान अन्न नाय, घशान आवाज नाय. नळाजवल डोका टेकून पडले होते. आनि भिंत वाजली. खालना. तीनदा." तिनं ओट्यावर बोटांनी वाजवून दाखवलं. "माजा घरवाला मिठागरावर कामाला होता. पहाटचा घरी आला का दारावर तीनदा वाजवी, कवा हाक मारत नसं. मरून बारा वर्सं झाली त्याला. मना वाटलं, आला. मना न्यायला आला. मी पन तीनदा वाजवलं. म्हनलं, हाय मी, जागीच हाय."

"मग?" मी विचारलं.

"मंग तो गप झाला. मी वाजवतेय, वाजवतेय, तो गपच. तवा मना कललं. न्यायला नव्हता आला. सांगाया आला होता, का वाजवत रहा. थांबू नको. म्हनून मी थांबले नाय. सोमवारपरीन तीन-तीनच वाजवत राहिले. त्यानं सांगितलं नसतं, तर मी शनवारीच हात टाकले असते."

बायकांनी हात जोडले. चाचांनी माझ्या ओठांकडे बघितलं. मी आता बोलणार, हे ते वाचायला बसले होते. मी चहाचा कप उचलला आणि सगळा चहा पिऊन टाकला.

परत येताना चाचांनी विचारलं, "का नाही बोललात?"

"काय बोलू, चाचा? वाजवलं ते मी, तेही स्प्रिंग जागी करायला. आणि गप्प झाले तीही मीच. तुझा नवरा आलाच नव्हता, असं सांगू तिला?"

चाचा म्हणाले, "तिची बोटं गेली, ताई. ती कोणामुळे गेली, हे तिला माहीत पाहिजे. बाकी नवऱ्याचं तिचं ती बघेल."

मी त्यांच्यावर चिडले. आठ दिवस फोन घेतला नाही. मग स्वतःच गेले, मशीन उघडलं आणि तो स्नबर काढून आणला. चाचांचा काटा आता पुन्हा हलतो. कोणी वर नळ सोडला की जरा खाली येतो, बंद केला की वर जातो. आठव्या मजल्यावर आता एक कुटुंब राहायला आलंय, त्यामुळे सकाळी तो खूपच हलतो. मी मात्र कुठल्याही घरी गेजचा काटा उडताना दिसला की आधी पिशवीला हात लावत नाही. जिना चढून वरच्या मजल्यावर जाते आणि बेल वाजवते. लोक विचारतात, "कोण पाहिजे?" मी सांगते, मेकॅनिक आहे, तुमच्या घरी सगळे ठीक आहेत ना? लोक वेड्यात काढतात. गेटवर कोणी सफाईवाली समजलं तर आता मी थांबते आणि त्याचं पूर्ण बोलणं ऐकून घेते.

आणि दोन वर्षं झाली, तरी मी जासईला बोललेले नाही. लिहिणं बोलण्यापेक्षा सोपं जातं, म्हणून हे लिहिलं. यमुनाबाईंना वाचता येत नाही. सून वाचते, पण हे तिच्या तोंडून त्यांनी ऐकावं असं मला वाटत नाही. अंक हातात आला की मी स्वतः जाणार आहे आणि ओट्यावर बसून त्यांना वाचून दाखवणार आहे. त्यांना काय वाटेल, त्या मला बसू देतील की उठवतील, मला माहीत नाही. त्यांचा नवरा मी त्यांच्याकडून दुसऱ्यांदा काढून घेणार आहे, एवढं मला माहीत आहे, आणि त्याची मला भीती वाटते.

दार बंद असलं, तर मी वाजवणार नाही. बाहेर उभी राहून हाक मारीन.